धोतरा, हरीक आणि शेणावरची अळंबी: गावात भरवलेल्या एका शिबिराचा अनुभव

आमच्या सिंधुदुर्गात झाडं ओळखायला शिकवणारी सगळ्यात जुनी शाळा म्हणजे गणपतीची माटवी. चतुर्थीच्या आधी मुलं मोठ्या माणसांबरोबर रानात जातात आणि कवंडळ, शेरवड, हरणं, तेरडा, आंब्याचे टहाळ असं काय काय आणून गणपतीच्या डोक्यावर बांधतात. त्यातलं लालभडक कवंडळ विषारी. ते खायचं नसतं हे कुणी मुलांना समोर बसवून शिकवत नाही. रानात जाताना, वेल ओढताना, फळ हातात देताना कुणीतरी सांगून जातं, आणि ते जन्मभर लक्षात राहतं. कित्येक दिवस दहा मुलांच्या डोक्यावर विषारी फळ टांगलेलं असतं, पण कुणी त्याला हात लावत नाही.

मी कुडाळ तालुक्यात कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. माटवीची ही रीत मनात ठेवूनच आम्ही काही जणांनी श्रावणात रान ओळखायचं शिबिर भरवायला सुरुवात केली. रानभाज्या झाल्या, औषधी झाडं झाली, देवराईतले वेल झाले. यंदा मी सुचवलेला विषय होता नशा आणणाऱ्या, भ्रम पाडणाऱ्या वनस्पती आणि बुरशी. यातली बरीचशी आमच्याच परसात, बागेत आणि गुरांच्या वाटेवर आहेत, आणि त्यांच्याबद्दल वर्गात एक अक्षरही बोललं जात नाही.

बोलावं असं वाटायला कारण होतं. आमची मुलं गोव्याला कामाला जातात, तिथे पार्ट्यांमधलं सगळं बघतात. कोडाईकनालच्या ‘मॅजिक मशरूम’चे व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर आहेत. बारावीतल्या एका मुलाने मला विचारलं की गुरांच्या शेणावर येते ती अळंबी तीच का? त्याला ‘असलं काही विचारू नकोस’ म्हणाले असते, तर पुढचा प्रश्न त्याने मला विचारला नसता, थेट शेणाकडे गेला असता. पावसाळ्यात शेणावर कितीतरी जातीच्या छत्र्या उगवतात. फोटो बघून त्या ओळखायला जाणारा मुलगा नशेआधी इस्पितळात पोचतो.

विषय ठरला तेव्हा पहिल्यांदा मी आयेकडे गेले. आये म्हणजे आमच्या वाडीतल्या झाडपाला देणाऱ्या आजी. मोडलेलं हाड, कावीळ, विंचू, बाळंतिणीचा काढा, सगळ्यासाठी पंचक्रोशीतली माणसं त्यांच्याकडे येतात. मला वाटलं होतं त्या हसतील किंवा रागावतील. त्यांनी सुपारी कातरत सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “सांगाक व्हया, बाय. पण मी नाव सांगतलंय, गुण सांगतलंय. किती आणि कसा, ता सांगूचंय नाय.” आमच्या शिबिराची सगळी शिस्त पुढे या एका वाक्यावर उभी राहिली.

मग ग्रामसभा. आम्ही परवानगी मागायला गेलो नव्हतो, पण मुलांना आणायचं तर आईबापांना आधी कळलं पाहिजे असं माझं मत होतं आणि अजूनही आहे. सभेत एक आई उभी राहिली आणि तिने सरळ विचारलं, “बाई, नाव काढलात तर पोरांना नको ते सुचणार नाही का?” ही भीती खोटी नाही. मी एवढंच म्हटलं की नावं त्यांना मोबाईलने आधीच सांगितली आहेत. त्यातली कुठली जीव घेते, कुठलीवर उतारा नाही, कुठलीने आपल्याच गावात कोण आजारी पडलं होतं, हे मोबाईलला माहीत नाही, आयेला माहीत आहे. ती आई शिबिराला आली आणि शेवटपर्यंत बसली.

कायद्याचा भाग एका वकील मित्राने सांभाळला. शिबिरात तो पहिल्या तासाला ठेवला, ते बरंच झालं, कारण मोठ्या माणसांच्याही डोक्यात गोंधळ होता. सिलोसायबिन आणि सिलोसिन, म्हणजे त्या अळंब्यांमधली भ्रम आणणारी द्रव्यं, १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धच्या, कायद्याच्या यादीत आहेत. ‘निसर्गात उगवतं, मग गुन्हा कसा’ या युक्तिवादावर विसंबून कुणी खिशात घेऊन फिरू नये. गांजाची त्या कायद्यातली व्याख्या फुलोऱ्याची आहे, शेंड्याशिवाय असलेली पानं आणि बिया तिच्यातून वगळल्या आहेत. म्हणून भांग त्या व्याख्येत बसत नाही. पण त्यामुळे ती मोकळी होत नाही, महाराष्ट्रात तिला १९४९चा दारूबंदीचा कायदा लागतो. अफूची शेती मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यावरच होते. आणि त्याच झाडाच्या बिया, म्हणजे खसखस, आपण दिवाळीत अनारशांना लावतो. हे सांगितल्यावर मागच्या रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आम्ही पोलीस ठाण्यालाही आधी लेखी कळवलं होतं. लपवण्यासारखं काही नव्हतं आणि ते तसं दिसायलाही हवं होतं.

नियम आम्ही फलकावर मोठ्या अक्षरांत लिहून लावले. काहीही चाखायचं नाही. मात्रा विचारायची नाही, सांगायची नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाबरोबर घरचं मोठं माणूस हवं. राखीव जंगलात जायचं नाही, फिरायचं ते खासगी बागांतून आणि गावकऱ्यांना विचारून देवराईच्या कडेने. आयेचं बोलणं त्यांना विचारल्याशिवाय मोबाईलवर घ्यायचं नाही. हे शेवटचं पाळणं लोकांना सगळ्यात जड गेलं. हात आपोआप वर जायचा आणि शेजारचा माणूस तो खाली करायचा.

सकाळी पाऊस थांबल्यावर निघालो. पहिला धोतरा भेटला तो शंकराच्या देवळामागे, उकिरड्याच्या कडेला. काटेरी फळ, कर्ण्यासारखं फूल. आये तिथेच थांबल्या आणि म्हणाल्या, “धोतरो देवाचो, माणसाचो न्हय.” महाशिवरात्रीला ते फळ पिंडीवर वाहतात आणि तिथेच ठेवून येतात. आमच्याबरोबर ग्रामीण रुग्णालयात काम केलेले एक डॉक्टर होते. त्यांनी पुढचं सांगितलं. धोतऱ्यात अॅट्रोपिन, हायोसायमिन आणि स्कोपोलामिन असतं. तोंड कोरडं पडतं, बाहुल्या मोठ्या होतात, अंग तापतं, लघवी अडकते, हृदय धडधडतं, आणि माणूस नसलेल्या माणसांशी बोलायला लागतो. अळंब्यांमुळे येणारा भ्रम आणि हा भ्रम एक नाही. धोतऱ्याने आलेल्या अवस्थेत आपण भ्रमात आहोत हेच माणसाला कळत नाही, नंतर बरंचसं आठवतही नाही. बियांमधलं द्रव्य झाडागणिक आणि ऋतूगणिक इतकं बदलतं की ‘एवढ्याने काही होत नाही’ हा अंदाज कुणालाच करता येत नाही. इंग्रजी अमदानीतल्या वैद्यकीय-न्यायिक नोंदींत धोतऱ्याच्या बिया अन्नात मिसळून वाटसरूंना लुटल्याच्या कितीतरी हकिकती आहेत. डॉक्टरांनी मुलांकडून एक गोष्ट पुन्हापुन्हा म्हणून घेतली. कुणी खाल्लं असेल तर घरी ताक-लिंबू पाजत बसू नका, उलटी करवत बसू नका, फांदी पिशवीत घालून माणसाबरोबर दवाखान्यात आणा.

काजऱ्याचं झाड वाटेत होतंच, आमच्याकडे ते सगळीकडे आहे. त्याच्या चपट्या बियांत स्ट्रिक्निन असतं, नशा नव्हे, सरळ झटके. ते झाड दाखवून पुढे निघालो.

एका बागायतदाराच्या आगरात पोफळींच्या सावलीत जायफळं लागली होती. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण सुगंधा’ आणि ‘कोकण स्वाद’ या जाती काढल्यापासून इकडे जायफळ बरंच लागतं. फळ उकलून आतली लाल जायपत्री सगळ्यांना दाखवली. श्रीखंडात आणि पुरणात चिमूटभर पडणाऱ्या या बीमध्ये मिरिस्टिसिन असतं, आणि जास्त पोटात गेलं तर मळमळ, धडधड, घाबरं होणं आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत न उतरणारी गुंगी येते. बायकांचं बोलणं तिथून बाळगुटीकडे वळलं. सहाणेवर किती वळसे द्यायचे हे प्रत्येक घरात ठरलेलं असतं आणि ते सासू सुनेच्या हाताला धरून शिकवते. मुंबईत गिरणीत कामाला असलेल्या एका आजोबांच्या आईची गोष्ट तिथेच निघाली. गिरणीत जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना अफूच्या बाळगोळ्या देऊन कामावर जायच्या, नाहीतर पाळणाघर कुठलं होतं? ती गोष्ट सांगताना आजोबांचा आवाज बदलला. ‘तेव्हाच्या बायका अडाणी’ असं कुणीतरी पुटपुटलं, तेव्हा मला थांबून बोलावंसं वाटलं. दहा-बारा तासांच्या पाळीला जाणारी बाई बाळ कुणाकडे ठेवणार, याचं उत्तर तिच्याजवळ एवढंच होतं. वनस्पतीचा गैरवापर असं आपण म्हणतो त्याच्या मागे बहुतेक वेळा अशी परिस्थिती असते.

समुद्रशोकाचा वेल एका कुंपणावर चढला होता. मोठी हृदयाकृती पानं, मागून रुपेरी. आयुर्वेदात त्याला वृद्धदारुक म्हणतात. त्याच्या बियांत एलएसडी या भ्रम पाडणाऱ्या अमली पदार्थाच्या जवळच्या नात्यातलं द्रव्य असतं. मुलांचे डोळे मोठे झाले, पण मला त्यांना पुढची गंमत सांगायची होती. याच कुळातल्या काही वेलींमध्ये ही द्रव्यं वेल स्वतः बनवत नाही, तिच्या अंगात राहणारी बुरशी बनवते. म्हणजे ‘मादक वनस्पती’ म्हणून आपण बोट दाखवतो तिथे खरी करणारी बुरशी असू शकते. दुपारचं सत्र याच धाग्यावर होतं, आणि सगळ्या शिबिरातला माझा सगळ्यात आवडता भाग तोच.

हरीक. कुणी कोद्रा म्हणतं, बाहेर कोदो म्हणतात. कोकणात वरकस जमिनीवर, डोंगरउतारावर नाचणी-वरीबरोबर हरीक व्हायचा. आता तो जवळजवळ दिसत नाही. आयेने लहानपणी त्याचा भात खाल्लेला आहे. त्या म्हणाल्या, “हरीक माजलो काय माणूस डुलाक लागता. पाय जमनीर ठरत नाय.” माजलेला हरीक म्हणजे चढणारा हरीक. त्यांच्या आठवणीत एकदा सगळं घर जेवून उठल्यावर आडवं झालं होतं, पडवीतल्या कुत्र्यासकट. म्हणून त्यांची आई नवा हरीक लगेच खाऊ देत नसे, शेणपाण्यात भिजवून उन्हात वाळवायची आणि मग बरेच दिवस ठेवून द्यायची. या उपायावर आज कुणी भरवसा ठेवू नये, हे डॉक्टरांनी तिथल्या तिथे सांगितलं आणि आयेनेही मान हलवली.

हा माज दाण्याचा नव्हे. ओल्या हवेत कापणी झाली, दाणा दमट राहिला की त्यावर अॅस्परजिलस आणि पेनिसिलियम या बुरशा वाढतात आणि सायक्लोपियाझोनिक आम्ल नावाचं विष तयार करतात. २०२४च्या ऑक्टोबरच्या शेवटी मध्य प्रदेशातल्या बांधवगडमध्ये दहा हत्ती मेले, त्यांच्या तपासणीत हेच द्रव्य सापडलं. त्यांनी शेतातला कोदो भरपूर खाल्ला होता. ही बातमी मी वाचून दाखवली तेव्हा आये बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, “पिल्लांय होती?” मी म्हटलं, मला माहीत नाही.

देशावरून आलेले एक शेतकरी पाहुणे होते. त्यांच्या बाजरीची गोष्ट याच वळणाची. बाजरीच्या कणसावर अरगट नावाचा बुरशीचा रोग येतो, आधी मधासारखा चिकटा सुटतो, मग दाण्याच्या जागी काळपट टणक गाठी होतात. त्या पिठात गेल्या की मळमळ, चक्कर, सुस्ती. म्हणून पेरणीआधी बी २० टक्के मिठाच्या पाण्यात टाकतात. गाठी आणि पोचट दाणे वर तरंगतात ते काढून जाळायचे, खाली बसलेलं बी स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचं. आम्ही हे बादलीत करून दाखवलं. युरोपात राय नावाच्या धान्यावरच्या अरगटाने शतकानुशतकं गावंच्या गावं आजारी पाडली, आणि त्याच अरगटातल्या द्रव्यावर काम करताना अल्बर्ट हॉफमन या स्विस रसायनशास्त्रज्ञाने १९३८मध्ये एलएसडी बनवलं, १९४३मध्ये त्याचा परिणाम स्वतः अनुभवला. बाजरीवरचा अरगट वेगळ्या जातीचा आहे, त्याची द्रव्यंही वेगळी, हे स्पष्ट सांगितलं, नाहीतर उद्या कुणी कणसं गोळा करायला जाईल. पण मिठाच्या पाण्याची बादली आणि स्वित्झर्लंडमधली प्रयोगशाळा एकाच बुरशीच्या घराण्यापाशी येऊन पोचतात, हे त्या दुपारी गोठ्याच्या पडवीत बसून मुलांनी समजून घेतलं. पुस्तकातून शिकवताना मला हे कधी जमलं नव्हतं.

संध्याकाळी अळंब्यांचं टेबल लावलं. सकाळपासून कुणीकुणी आणलेल्या छत्र्या वर्तमानपत्रावर मांडल्या. रोवणावरची अळमी, म्हणजे वारुळावर येणारी टर्मिटोमायसिस, सगळ्यांच्या ओळखीची. ती वाळवीने जमिनीखाली केलेल्या बुरशीच्या मळ्यातून वर येते. वाळवीची आणि तिची ही भागीदारी सुमारे तीन कोटी वर्षांची आहे. माणसाला तिची शेती करता आलेली नाही. गोव्यात डॉ. नंदकुमार कामत यांच्यासारख्या बुरशीतज्ज्ञांनी वारुळं वाचवण्याबद्दल वर्षानुवर्षं लिहिलं आहे, पण पावसाळ्यात महामार्गावर केळीच्या पानात मिळणाऱ्या अळम्यांचे भाव बघितले की रोवणं का खणली जातात ते कळतं. सगळ्या खुडू नका, काही उमलून बी पडू द्या, रोवण पायाने मोडू नका. हे आयेने सांगितलं आणि त्यावर कुणाचा वाद नव्हता.

वाद झाला तो ओळखीच्या खुणांवरून. चांदीचं नाणं टाकून शिजवा, काळं पडलं तर विषारी. किड्यांनी खाल्ली असेल तर चांगली. लसूण घाला, रंग बदलतो का बघा. हे सगळं खोटं आहे, आणि या खोट्यावर माणसं मेली आहेत. अमानिटा या गटातल्या काही अळंब्यांचं विष शिजवून जात नाही. सहा-बारा तास, कधी त्याहून जास्त वेळ काहीच होत नाही, मग उलट्या-जुलाब, मग एक दिवस बरं वाटतं आणि त्याच वेळी यकृत निकामी होत असतं. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा टेबलाभोवतीची कुजबुज थांबली. मग आम्ही बीजाणूंचा ठसा घ्यायला शिकवलं. छत्रीचा देठ कापायचा, छत्री अर्ध्या पांढऱ्या आणि अर्ध्या काळ्या कागदावर पालथी ठेवायची, वरून वाटी झाकायची आणि रात्रभर सोडायची. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या मैदानावरून आणलेल्या एका देखण्या पांढऱ्या छत्रीखाली हिरवट ठसा उमटला होता. क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस, खाल्ली की जबर उलट्या. ती छत्री आणणाऱ्या ताईंनी आदल्या दिवशी ‘ही तर आम्ही खातो तशीच’ असं म्हटलं होतं. शिबिरातलं एकही व्याख्यान त्या हिरव्या ठशाइतकं उपयोगी पडलं नसेल.

शेणावरच्या छत्र्या टेबलावर मुद्दाम ठेवल्या नव्हत्या. त्यांच्याबद्दल रात्री बोललो, जेवणानंतर, कंदील-बॅटऱ्या लावून.

मी मारिया साबिनाची गोष्ट सांगितली. मेक्सिकोतल्या ओआहाका राज्यात, माझातेक लोकांच्या डोंगरात, हुआउत्ला दे हिमेनेस नावाचं गाव आहे. तिथली ही झाडपाला देणारी बाई, आयेसारखीच. आजारी माणसासाठी रात्रभर मंत्र-गाणी म्हणत ती अळंब्यांचा विधी करायची. तिथे त्या अळंब्यांना देवाच्या जागी मानतात, मौजेसाठी कुणी हात लावत नाही. १९५५च्या जूनमध्ये गॉर्डन वॉसन नावाचा न्यूयॉर्कचा बँक अधिकारी तिथे पोचला आणि तिने त्याला विधीत बसू दिलं. १९५७च्या मे महिन्यात त्याने ‘लाइफ’ मासिकात लेख लिहिला. लेखात तिचं नाव बदललं होतं, तरी लोक तिच्यापर्यंत पोचले. १९५८मध्ये हॉफमनने त्या अळंब्यांतून सिलोसायबिन वेगळं काढलं. पुढच्या वर्षांत परदेशी तरुणांचे तांडे गावात आले, मागून पोलीस आले, गावाचा राग तिच्यावर निघाला, तिचं घर जाळलं गेलं. १९८५मध्ये ती गरिबीतच वारली.

आज त्याच सिलोसायबिनवर मोठी संशोधनं चालू आहेत. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने कर्करोगाच्या रुग्णांच्या भीतीवर आणि नैराश्यावर काम केलं, ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२३पासून ठरावीक मनोविकारतज्ज्ञांना, उपचारांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी ते द्यायची परवानगी दिली, अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने लोकांच्या मतदानातून परवान्याची केंद्रं काढली. मी हे लपवलं नाही. उद्या मुलांना हे कळणारच आहे, आणि तेव्हा ‘बाईंनी अर्धंच सांगितलं’ असं व्हायला नको. पण त्या प्रयोगांत आधी माणसाला तपासतात, घरात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा तसा आजार असेल तर त्याला घेतच नाहीत, शेजारी प्रशिक्षित माणसं दिवसभर बसतात, हेही तितक्याच जोरात सांगितलं.

तेव्हा एक तरुण बोलायला लागला. तो कुणाचा कोण हे इथे सांगत नाही. समुद्रकिनाऱ्यावर कामाला असताना मित्रांनी दिलेलं काहीतरी त्याने घेतलं होतं, नक्की काय ते त्यालाही ठाऊक नव्हतं. त्या रात्रीनंतर कित्येक आठवडे त्याला माणसं आपल्याविरुद्ध काहीतरी करतायत असं वाटत राहिलं. त्याच्या काकांना तसा आजार होता, हे त्याला तेव्हा कुणी सांगितलेलं नव्हतं. घरात त्या काकांबद्दल बोलायचीच पद्धत नव्हती. त्याची आई तिथे बसली होती. ती उठून त्याच्याशेजारी जाऊन बसली. कुणी काही उपदेश केला नाही. डॉक्टरांनी फक्त टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा नंबर फलकावर लिहिला आणि सांगितलं की फोन करायला नाव द्यावं लागेल याची भीती बाळगू नका, आधी बोला. असं बोलणं दहा घरांच्या आत कधी होत नाही. ते एकत्र बसल्यावर झालं, आणि एवढ्यासाठीसुद्धा असे मेळावे गावात व्हायला हवेत असं मला मनापासून वाटतं.

शिबिर संपलं तरी काम संपलं नव्हतं. २००२च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती हवी आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. आमच्या गावाची वही होती, पण त्यात आंबा, काजू, कोकम आणि सरकारी यादीतली नावं. आयेने सांगितलेलं तीत घालावं का, यावर समितीत बरीच बोलणी झाली. एका प्राध्यापकांचं म्हणणं होतं की सगळं लिहून ठेवा, नाहीतर आयेबरोबर जाईल. मला त्यांचं दुःख कळत होतं. पण २०२३च्या दुरुस्तीने ग्रंथांत नोंदलेल्या ज्ञानाला आणि नोंदणीकृत आयुष वैद्यांना लाभवाटपाच्या, म्हणजे फायद्यातला वाटा मूळ लोकांना द्यायच्या, काही अटींतून सूट दिली आहे. आयेचं ज्ञान कुठल्या ग्रंथात नाही, ते त्यांचं आणि गावाचं आहे. एकदा मोकळ्या कागदावर आलं की कुणी कुठे नेलं ते आम्हाला कळणारही नाही. केरळात काणी लोकांनी १९८७मध्ये शास्त्रज्ञांना आरोग्यपचा ही वनस्पती दाखवली, त्यातून ‘जीवनी’ हे औषध निघालं आणि परवान्याच्या पैशातला अर्धा वाटा काणींना मिळाला. पण तो मिळाला कारण त्या शास्त्रज्ञांच्या संस्थेतल्या माणसांनी तो द्यायचं ठरवलं. मारिया साबिनाच्या वेळी तसं कुणी ठरवलं नाही.

शेवटी आयेलाच विचारलं. धोतरा, काजरा, कवंडळ, कळलावी, माजलेला हरीक आणि विषारी अळंब्या, म्हणजे ज्यापासून लोकांना जपायचं आहे ते सगळं फोटोसकट, स्थानिक नावांसकट वहीत घाला, शाळेत लावा, दवाखान्यात लावा, असं त्यांनी सांगितलं. उपचाराची पानं बंद. ती वहीत ‘माहिती धारकाकडे’ एवढ्याच शेऱ्याने आहेत. प्राध्यापकांना ते पटलं नाही, अजूनही पटलेलं नाही. आयेची नात मात्र तेव्हापासून रविवारी त्यांच्याबरोबर रानात जाते. ती दहावीला आहे. तिने काय शिकलं ते मी विचारत नाही.

विषारी झाडांचा तक्ता आता प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर आहे, खाली मालवणी नावं आहेत, कारण रात्री धावत आलेला माणूस ‘दतुरा’ म्हणणार नाही. पुढच्या श्रावणात हरीक पेरायचा विचार आहे, एका वाफ्यात, फक्त मुलांना रोप ओळखता यावं म्हणून. बियाण्यासाठी राजापूरकडच्या दोन घरांना विचारलं आहे.